लिव्हरसाठीच्या आयुर्वेदिक गोळ्यांनी खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडिलांचं वय ५४, वजन ८४ किलो, मधुमेह आहे, दारू नाही. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ आलंय. रक्ततपासणीत एसजीपीटी ७८, एसजीओटी ५२ (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम), प्लेटलेट २ लाख १० हजार. ओळखीतले दोघं कुटकी, भुईआवळी, गुळवेल असलेल्या गोळ्या घ्यायला सांगतायत, कारण त्यांचा रिपोर्ट महिन्यात नॉर्मल आला.

गोळ्यांचं नंतर बघू. आधी हातातल्या आकड्यांवरून एक हिशेब करा, त्याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणा: ५४ गुणिले ५२, म्हणजे २८०८. प्लेटलेट हजारांत घ्या (२१०) आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. ७८ चं वर्गमूळ ८.८३, गुणाकार साधारण १८५५. २८०८ ला १८५५ ने भागलं की येतं १.५१. हा आकडा १.३ च्या आत असता तर लिव्हर घट्ट होत चालल्याची, म्हणजे फायब्रोसिसची, शक्यता कमी धरली असती. २.६७ च्या वर गेला असता तर ती बरीच जास्त. वडील मधे आहेत आणि त्यात मधुमेह, म्हणून पुढची पायरी गोळी नव्हे, फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती घट्ट झालंय ते बाहेरून मोजणारी तपासणी. सोनोग्राफीतली ग्रेड फक्त चरबी किती दिसते ते सांगते, फायब्रोसिस किती आहे ते नाही.

आता ‘महिन्यात नॉर्मल’ या अनुभवाबद्दल. एसजीपीटी स्वतःहूनच खालीवर होत राहतं. तापात, जड व्यायामानंतर, एखादं औषध चालू असताना ते वाढलेलं सापडतं आणि पुढच्या तपासणीत आपोआप उतरलेलं असतं. शिवाय गोळी सुरू करणारा माणूस त्याच आठवड्यात गोड आणि तळलेलं सोडतो, फिरायला लागतो. श्रेय मात्र गोळीला जातं. काविळीतही हेच होतं. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण बरी होते, आणि तेवढ्यात भुईआवळीचा रस घेतलेला असला की रस लागू पडला असं ठरतं. आणि एसजीपीटी नॉर्मल असूनही लिव्हर खराब असू शकतं, सिरॉसिसमध्येसुद्धा (लिव्हर कायमचं घट्ट, व्रणांनी भरलेलं होतं तेव्हा). त्यामुळे त्या एका आकड्यावर समाधान मानू नका.

गोळ्या घेणारे जे बदल सांगतात त्यांतले बरेच खरे असतात, अर्थ तेवढा वेगळा असतो. कुटकी कडू आणि सारक, त्यामुळे भूक लागते, पोट साफ होतं, मात्रा वाढली की जुलाब होतात. त्यावरून लिव्हर सुधारलं असं ठरत नाही. काही गोळ्यांत मंडूर भस्म असतं, त्यात लोह असतं, त्याने शौचाचा रंग गडद होऊ शकतो. पण शौच काळी, चिकट आणि उग्र वासाची झाली तर तो आतला रक्तस्राव असू शकतो, लगेच दवाखाना गाठा. गोळीत बी-कॉम्प्लेक्स असेल तर लघवी चमकदार पिवळी होते, घाबरायचं कारण नाही. कावीळ सुरू होताना लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते.

गुळवेलीबद्दल मी ठाम आहे: वडिलांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. कोविडच्या काळात घरोघरी काढे चालू होते, तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांमध्ये लिव्हरला इजा झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. पण पुढच्या वर्षी देशातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांतून असेच आणखी रुग्ण नोंदवले गेले. बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्याचं चित्र दिसलं. घरात कुणाला थायरॉइडचा किंवा इतर ऑटोइम्यून आजार असेल तर धोका आणखी गंभीरपणे घ्या. अश्वगंधा आणि मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल यांनीही काहींना लिव्हरचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. फोडणीतली हळद वेगळी. आरोग्यवर्धिनी लिव्हरसाठी सर्रास सुचवली जाते, पण तिच्यात कज्जली (पारा आणि गंधकाचं मिश्रण) आणि ताम्र (तांब्याचं) भस्म असतं, म्हणून वैद्यांच्या देखरेखीशिवाय नको.

सिलिमरिन (मिल्क थिसल या वनस्पतीचा अर्क) त्यातल्या त्यात सौम्य. पोट बिघडणं हा नेहमीचा त्रास, आणि शेवंती-झेंडूच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल तर टाळायचं. पण २०१२ मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस सी च्या रुग्णांवर ४२० आणि ७०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, २४ आठवडे देऊन पाहिलं, तरी एसजीपीटीत औषध नसलेल्या, फक्त तुलनेसाठी दिलेल्या गोळीपेक्षा जास्त फरक पडला नाही. आजार वेगळा होता, हे खरं. तरी मात्रा वाढवून उपयोग वाढेल या आशेवर पैसे घालवू नका.

खात्रीचा उपाय म्हणजे वजन. ७ ते १० टक्के, म्हणजे वडिलांचे ६ ते ८ किलो, सावकाश उतरले की चरबीबरोबर सूजही कमी होते. मधुमेहाच्या काही औषधांनी लिव्हरमधली चरबीही घटते, म्हणून साखरेचे डॉक्टर आणि लिव्हरचे डॉक्टर दोघांनाही दोन्ही रिपोर्ट दाखवा.

एवढं सांगूनही घरचे गोळीसाठी अडून बसले, तर एका वेळी एकच औषध, आणि तेही डॉक्टरांना सांगून. लेबलवर प्रत्येक वनस्पतीचं नाव आणि मिलिग्रॅम छापलेलं नसेल तर घेऊच नका. ‘अर्क १०:१’ लिहिलेलं असेल तर १०० मिलिग्रॅम म्हणजे १ ग्रॅम सुक्या वनस्पतीचा अर्क, हे लक्षात ठेवा. सुरू करण्याआधी लिव्हर फंक्शन टेस्ट, चार आठवड्यांनी पुन्हा, त्याच लॅबमध्ये. एसजीपीटी उतरायच्या ऐवजी वाढलं तर बंद. अंगाला खाज, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, गडद लघवी, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा. उरलेल्या गोळ्या फेकू नका. बाटली तशीच बरोबर न्या आणि कुठल्या तारखेला सुरू केली ते सांगा, कारण घटक आणि बॅच नंबर त्याच लेबलवर असतात.