स्विमिंग पूल गळतोय, पंप हवा ओढतोय. कंत्राटदार म्हणतो पंप खराब, पंपवाला म्हणतो पाइपिंग चुकलं. काय करावं?

तुमचा प्रश्न वाचताना आमचा नागावचा पहिला उन्हाळा आठवला. तुम्ही लिहिलंय की कर्जतच्या घरामागे ८ बाय ४ मीटरचा पूल बांधलाय, ८० टक्के पैसे देऊन झालेत, पाणी रोज इंचभर उतरतंय, पंप गुरगुरतोय आणि इनलेटमधून, म्हणजे गाळलेलं पाणी पुलात परत येतं त्या तोंडातून, बुडबुडे येताहेत. अलिबागजवळच्या आमच्या वाडीतला पूल जवळपास याच मापाचा आहे, आणि हे सगळं आम्ही भोगलंय. आमचा कंत्राटदार म्हणायचा, "ताई, टेन्शन घेऊ नका, नव्या पुलात पाणी मुरतंच." तुमच्या मापाच्या पुलात इंचभर म्हणजे दिवसाला आठशे लिटर. टाइल लावून झालेल्या पुलात रोज एवढं पाणी मुरत नसतं.

माझं कळकळीचं सांगणं एकच: भांडायच्या आधी मोजा. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत असतात तेव्हा आवाज चढवून काही होत नाही. आकडा आणि फोटो समोर ठेवला की दोघांपैकी एकाला गप्प बसावंच लागतं.

सुरुवात बादलीपासून करा. पुलाच्या पायरीवर बादली ठेवा आणि आतबाहेर पाण्याची पातळी सारखी येईल एवढी भरा. बादलीच्या आत एक आणि बाहेर एक अशी पेन्सिलची खूण करा. बादलीतलं पाणी फक्त उन्हाने उडतं, त्यामुळे २४ तासांनी पूल बादलीपेक्षा जेवढा जास्त उतरला असेल तेवढी गळती. एक दिवस पंप बंद ठेवून मोजा आणि दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखा चालवून. चालू असताना जास्त उतरलं तर पंपापासून पुलाकडे परत येणाऱ्या पाइपमध्ये गळती असणार. दोन्ही दिवशी सारखंच उतरलं तर पुलाच्या टाकीत किंवा भिंतीतून बाहेर जाणाऱ्या एखाद्या फिटिंगपाशी शोधा.

आमचं दोन्ही दिवशी सारखंच आलं. मग मी सुई काढलेल्या सिरिंजमध्ये कपड्यांची नीळ भरली, पाणी अगदी स्थिर होऊ दिलं आणि प्रत्येक फिटिंगजवळ एकेक थेंब सोडत गेले. इनलेटपाशी नीळ ढगासारखी जागच्या जागी तरंगत राहिली. पाण्यातल्या दिव्याजवळ मात्र तिची बारीक रेघ झाली, वळली आणि दोरा सुईत ओवावा तशी दिव्याच्या मागे निघून गेली. दिव्याची वायर ज्या नळीतून बाहेर येते तिचं तोंड बंदच केलेलं नव्हतं. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, त्यामुळे पाणी मुरण्याची गोष्ट त्या दिवशीच संपली.

आता पंप. बुडबुडे येतात म्हणजे पंप पाण्यासोबत हवा ओढतोय, आणि हवा नेहमी पंपाच्या अलीकडे, ओढीच्या बाजूलाच शिरते. पंपाच्या पुढच्या पाइपला भोक असेल तर तिथून पाणी बाहेर येईल, हवा आत जाणार नाही. म्हणून आधी पुलातल्या पाण्याची पातळी बघा, स्किमरच्या (भिंतीतलं, वरवरचं पाणी पंपाकडे ओढणारं तोंड) खाली गेली असेल तर हवा तिथूनच येते. पातळी ठीक असेल तर चालू पंपाच्या गाळणीच्या झाकणाभोवती आणि सांध्यांवर दाढीचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाऊन खळगा पडेल तिथे गळती. आमच्याकडे झाकणाच्या रबरी रिंगेखाली सिमेंटची कच अडकली होती, ती मी हाताने पुसून काढली. पण गुरगुर थांबली नाही, कारण खरा घोळ पाइपचा होता. पुलातून दोन इंची पाइप निघत होता आणि पंपरूममध्ये शिरताना तोच दीड इंची केला होता, म्हणून पंपाला पाणी पुरत नव्हतं. पंपवाला खरं बोलत होता.

पंपाचं माप कुणी ठरवलं, हेही विचारा. "मोठा पंप दिलाय" असं अभिमानाने सांगतात, पण हिशेब साधा आहे. सरासरी खोली १.३ मीटर धरली तर तुमच्या पुलात सुमारे ४२ हजार लिटर पाणी बसतं. ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं, म्हणजे ताशी सात हजार लिटर. त्याला साधारण २४ इंची वाळूचा फिल्टर लागतो. १६ इंची फिल्टरवर दीड एचपीचा पंप बसवला तर पाणी वाळूतून नुसतं पळतं, गाळलं जात नाही. फिल्टरमध्ये बांधकामाची वाळू टाकलेली नाही ना, तेही झाकण उघडून बघा. आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पंपाशी व्होल्टेज मोजून घ्या. गावाकडे ते उतरलं की मोटर नुसती हुंकारते आणि तापते, आणि वॉरंटीच्या वेळी हेच कारण पुढे येतं.

इथे एक गोष्ट अगदी कळवळून सांगते. गळती दुरुस्त करायला पावसाळ्यात पूल रिकामा करू देऊ नका. आमचा कंत्राटदार ऑगस्टमध्ये पूल उपसायला निघाला होता. शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, ते मला हाताला धरून विहिरीपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "आत बघ." पाणी जमिनीखाली जेमतेम चार फुटांवर होतं. बाहेरचं पाणी पुलाच्या तळापेक्षा मीटरभर वर असेल तर ते दर चौरस मीटरला एक टनाने तळ वर ढकलतं, आणि सहा इंची काँक्रीटचं वजन भरतं पावणेचारशे किलो. भरलेल्या पुलातलं पाणीच त्याला दाबून ठेवतं. रिकामा पूल तडकतो, कधी अख्खाच वर उचलला जातो. आम्ही दिव्याच्या नळीचं तोंड पाण्याखाली चालणाऱ्या पुट्टीने बंद करून घेतलं आणि बाकीचं काम जानेवारीत केलं.

घरात मुलं असतील तर गळतीआधी दोन गोष्टी तपासा, यात तडजोड नको. तळाशी ओढीची जाळी एकच आहे की दोन? एकच असेल आणि तिच्यावर मूल बसलं तर पंप त्याला तिथेच धरून ठेवू शकतो. जाळ्या दोन हव्यात आणि एकमेकींपासून लांब. दुसरं, पाण्यातला दिवा १२ व्होल्टचाच हवा आणि पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवा. त्याचं टेस्टचं बटण स्वतः दाबा. खटका पडला नाही तर त्या दिवशी पाण्यात कुणीही उतरू नका.

उरलेल्या २० टक्क्यांबद्दल. ते तुमच्या हातात आहेत, ते "काम झालं" या शब्दावर सोडू नका. आम्ही एका कागदावर लिहून दिलं: सात दिवस बादलीची चाचणी, पाइप २४ तास दाबाखाली, पंप चार तास बुडबुड्याविना, मग पैसे. कंत्राटदार आठवडाभर रुसून बसला, मग सही करून गेला. आमची मोठी चूक त्याआधीची होती. पाइप बुजवण्यापूर्वी दाबाची चाचणी आणि टाइल लावण्यापूर्वी पाणी भरून ठेवण्याची चाचणी, दोन्ही आम्ही करून घेतल्या नाहीत. शेवटी दीड इंची पाइप बदलायला नवी फरशी फोडावी लागली. तुमच्याकडे काही उघडं राहिलं असेल तर ते तसंच ठेवा.

तरीही तो दाद देत नसेल तर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि सोबत फोटो, बिलं, व्हॉट्सॲपवरचं बोलणं जोडा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मग पूल कर्जतला असला तरी चालतं. मुदत दोन वर्षांची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. फक्त एक बघा: घर पर्यटकांना भाड्याने द्यायचं असेल तर समोरचा वकील पहिला मुद्दा व्यापारी हेतूचा काढेल, त्यामुळे आधी वकिलाशी बोलून घ्या.

बादलीचे दोन्ही आकडे, पंप बंद आणि पंप चालू, आले की इथे खाली लिहा. पंपरूमचा फोटोही टाका, ओढीचा पाइप पूर्ण दिसेल असा. मी बघते.