वाचकांचे प्रश्न : सीएसआरचा (कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचा) पैसा लहान संस्थेपर्यंत कसा येतो?

प्रश्न (ऐरोली) : आमची संस्था चार वर्षं ठाणे खाडीकाठी कांदळवन सफाई करते आणि शहापूरच्या पाड्यांवर परसबागा लावते. दोन्ही कामांचा प्रस्ताव टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या पंधरा कंपन्यांना पाठवला. एकीचंही उत्तर नाही. काय चुकलं?

दोन कामं एका कागदात घातलीत, ही पहिली चूक. सीएसआरमध्ये कुठली कामं बसतात याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे; त्यात भूक-कुपोषण पहिल्या कलमात येतं, पर्यावरण चौथ्या. कंपनीला खर्च कुठल्या तरी एका कलमाखाली दाखवायचा असतो. प्रस्ताव दोन करा, प्रत्येकी दोन पानांचे.

मग कंपन्या निवडा. नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतली एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावाच लागतो. तो कुठे झाला, हे केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर आणि कंपनीच्या वार्षिक अहवालात दिसतं. ठाणे जिल्ह्यात पोषणावर किंवा पर्यावरणावर आधी खर्च केलेल्या पाच-सहा कंपन्या मिळाल्या तरी पुष्कळ. महापे-रबाळ्याला कारखाना असला तरी निर्णय बहुधा मुख्यालयात होतो. पण कायदा कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, म्हणून कारखान्याच्या व्यवस्थापकाला एकदा खाडीकाठी नेऊन काम दाखवा. त्याची शिफारस पंधरा मेलपेक्षा जड ठरते.

वेळही सांभाळा. कंपनीची सीएसआर समिती वर्षाचा आराखडा ठरवते, त्यामुळे प्रस्ताव जानेवारीत हातात पडलेला बरा. मार्चअखेरीस कंपन्या शिल्लक पैसा घेऊन घाई करतात, पण परसबागेचं बी जूनमध्ये पडतं. मंजुरी एप्रिलमध्ये आणि पहिला हप्ता मेमध्ये, असं करारातच लिहून घ्या. पहिला हप्ता ऑगस्टमध्ये आला तर तो हंगाम गेलाच.

अंदाजपत्रकात ‘परसबाग उपक्रम : 2 लाख’ अशी एकच ओळ असेल तर वाचणारा तिथेच थांबतो. 60 कुटुंबांसाठी अशी मांडणी करा (दर तुमच्या भागातले घाला) : बी-रोपं 450 रुपयांप्रमाणे 27,000; खत 300 प्रमाणे 18,000; कुंपण 700 प्रमाणे 42,000; पाड्यावरच्या कार्यकर्तीचं मानधन दरमहा 9,000 प्रमाणे नऊ महिने, 81,000; प्रवास दरमहा 3,000 प्रमाणे 27,000. एकूण 1,95,000, म्हणजे कुटुंबामागे 3,250. कुंपण हमखास विसरलं जातं. भात कापणीनंतर गुरं मोकळी सुटतात आणि एका रात्रीत वाफे साफ होतात. पाण्याचंही स्पष्ट लिहा. भातसा आणि तानसा याच तालुक्यात असूनही उन्हाळ्यात पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात. बारमाही भाजीचं आश्वासन देऊ नका.

कांदळवनाच्या प्रस्तावाला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं परवानगीपत्र जोडा. ‘रोपं किती लावणार?’ हा प्रश्न येईलच. उघड्या चिखलपट्टीवर रोपं लावण्याचं कबूल करू नका. तीच रोहितांची (फ्लेमिंगोंची) खायची जागा आहे. ठाणे खाडी 2015 पासून अभयारण्य आणि 2022 पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे ती मुख्यतः अशा पक्ष्यांमुळे. रोपांऐवजी किती मीटर किनारा साफ झाला, किती किलो प्लास्टिक निघालं आणि ते कुठे गेलं, हे मोजून द्या.

कागद : ऑडिट झालेले तीन वर्षांचे ताळेबंद, पॅन, आयकर खात्याची 12ए (संस्थेला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, नीती आयोगाच्या पोर्टलवरचा दर्पण क्रमांक, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी. गाडी अडते ती विश्वस्तांच्या नावांवर. एखादे विश्वस्त वारले किंवा राजीनामा देऊन गेले आणि 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिला नाही, की परिशिष्ट एकच्या (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीच्या) उताऱ्यावर एक नाव आणि बँकेत सहीला दुसरं. हे आजच तपासा.

प्रश्न (ठाणे, वर्तकनगर) : कंपनी म्हणते, पगारावर पाच टक्क्यांहून जास्त खर्च दाखवू नका. मग माणसं कशी ठेवायची?

हा गैरसमज फार पसरलाय आणि त्यात कार्यकर्त्यांचं मानधन हकनाक कापलं जातं. 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवरचा थेट खर्च त्यात धरतच नाहीत. अंदाजपत्रकात ‘पगार’ असा मोघम शब्द टाळा. ‘क्षेत्र कार्यकर्ती, 60 कुटुंबांना आठवड्याला एक भेट’ असं लिहा आणि भेटींची वही ठेवा. तरी कंपनी अडून बसली, तर सीएसआर नियमांतली ‘प्रशासकीय खर्चा’ची व्याख्या पत्राला जोडा.

प्रश्न (खारघर) : संस्थेला दोनच वर्षं झालीत. सीएसआर मिळेल का? अमेरिकेतला भाऊ 50,000 रुपये पाठवतोय, ते घ्यावेत का?

सीएसआरसाठी तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तोवर 80जी घेऊन सोसायटीतल्या, ओळखीच्या माणसांकडून देणग्या गोळा करा आणि हिशेब पहिल्या दिवसापासून ऑडिट करून घ्या. तिसऱ्या वर्षी तेच ताळेबंद उपयोगी पडतात.

भावाचा पासपोर्ट भारतीय असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत आणि तसं पत्र फायलीत ठेवा. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ती परकीय देणगीच, आणि एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही खात्यात घेऊ नका. नोंदणीसाठी तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात कामावर 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो. म्हणून पैसे निघण्याआधीच भावाला फोन करून पासपोर्ट कुठला ते विचारा.