घोडी लोळायला लागली आणि डॉक्टर लांब आहेत

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आमचा घोड्यांच्या ब्रीडिंगचा छोटा फार्म आहे. तीन आठवड्यांपूर्वी व्यालेली घोडी परवा रात्री पायाने जमीन उकरायला लागली, सारखी वळून पोटाकडे बघायची, घामाने भिजलेली. घरात दुखण्याचं इंजेक्शन होतं ते दिलं, ती शांत झाली म्हणून आम्ही झोपलो आणि पहाटे बघतो तर लोळतेय. ऑपरेशन झालं, थोडक्यात वाचली. चुकलं कुठे?

उत्तर: वाचली हे ऐकून खरंच जीवात जीव आला. इंजेक्शनने दुखणं झाकलं जातं हो, आतड्याला पडलेला पीळ तसाच राहतो आणि हातातले तास निघून जातात. व्याल्यानंतर पहिल्या तीनेक महिन्यांत मोठं आतडं पिळायचा धोका जास्त असतो, त्यामुळे अशा घोडीचं पोट दुखलं की सकाळपर्यंत बघू असं म्हणायचंच नाही. आधी फोन, मग डॉक्टर सांगतील तेच औषध.

फोन करताना नाडीचा आकडा हाताशी ठेवा. जबड्याच्या खालच्या कडेला आतून बोट फिरवलं की दोरीसारखी शीर लागते, ती 30 सेकंद मोजून दुप्पट करायची. निवांत उभ्या मोठ्या घोड्याची 28 ते 44 असते, 60 च्या वर गेली तर गंभीर समजा. मग ओठ उचलून हिरडी दाबा, 2 सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी, जांभळट दिसली तर तेही सांगा. शेवटची लीद कधी टाकली तेही. ही सवय घोडी धडधाकट असतानाच लावून घ्या, अंधारात घाबरलेल्या हाताला शीर सापडत नाही.

चारा, खुराक लगेच काढा आणि तोंडातून तेलबिल काही पाजू नका, घोड्याला उलटी होत नाही, जठर तुंबलं असेल तर फुटू शकतं, डॉक्टर नाकातून नळी घालून ते मोकळं करतात. जोरात लोळत नसेल तर थोडं चालवा, पण तासन्‌तास चालवून दमवू नका, आणि आपटतच असेल तर तुम्ही आत शिरू नका.

आणि शिंगरू! लोळणाऱ्या आईखाली ते चिरडलं जाऊ शकतं, तेव्हा मध्ये पार्टिशन टाका, पण आईला ते दिसू द्या, नाहीतर ती अजून बिथरते. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर शिंगरूही सोबतच न्या, ते तासाला कितीतरी वेळा पितं, त्याच्या दुधाची सोय काय करायची ते डॉक्टरांना तेव्हाच विचारा.