फेसलिफ्टआधी मिश्री सोडायला हवी

प्रश्न : वय 57. गाल उतरून जबड्याच्या कडेला लोंबतात, गळाही सैल झालाय. कपाळावर आठ्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत. मुलाचं लग्न दोन महिन्यांवर आहे. त्याआधी फेसलिफ्ट करून घ्यावं का? बीपीची गोळी चालू आहे. सकाळी मिश्री लावते, बाकी व्यसन नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : मिश्रीचं कळवलंत हे फार बरं केलंत. बऱ्याच जणी डॉक्टरांना ‘तंबाखू नाही’ सांगतात, कारण मिश्री म्हणजे त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू. पण ती भाजलेला तंबाखूच. फेसलिफ्ट म्हणजे सैल पडलेला चेहरा आणि गळा आवळायचं ऑपरेशन. त्यात कानापुढची आणि कानामागची कातडी खालच्या थरापासून सुटी करतात. अशा सुट्या कातडीला रक्त मिळतं ते एकाच बाजूने, बारीक वाहिन्यांतून, आणि निकोटिनने नेमक्या त्याच आवळतात. मग कानामागची पातळ कातडी काळी पडून मरते, जखम भरायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि रुंद व्रण राहतो. म्हणून ऑपरेशनआधी किमान 4 आठवडे आणि नंतर 4 आठवडे मिश्री पूर्ण बंद. निकोटिनचं च्युइंगमसुद्धा नको.

यातच तुमचा एक महिना जाईल. टाके 5 ते 10 दिवसांत टप्प्याटप्प्याने निघतात, सूज आणि काळेनिळे डाग ओसरायला 2-3 आठवडे. काही बिघडलं तर हाताशी वेळच उरत नाही. लग्न होऊन जाऊ द्या.

फेसलिफ्टने लोंबते गाल, जबड्याची रेषा आणि गळा यांत फरक पडतो. आठ्या आणि वर्तुळं मात्र तशीच राहतील. चांगला सर्जन नुसती कातडी ओढत नाही. तिच्याखालचा ‘स्मास’ नावाचा थर आवळतो, त्यामुळे वरच्या टाक्यांवर ताण येत नाही. ताण आला की कानाची पाळी खाली ओढली जाऊन गालाला चिकटल्यासारखी दिसते. सर्जन आधीच्या रुग्णांचे फोटो दाखवतील तेव्हा ती पाळी आधी बघा.

बीपी काबूत नसेल तर तारीख घेऊच नका. पहिल्या 24 तासांत कातडीखाली रक्त साठणं हा इथला नेहमीचा धोका, आणि वाढलेल्या बीपीने तो आणखी वाढतो. एकाच बाजूची सूज वाढत गेली, तिथे ठणका लागला, तर रात्र असली तरी फोन करा. पहिली रात्र रुग्णालयातच काढलेली बरी. अ‍ॅस्पिरिन, ई जीवनसत्त्व, फिश ऑइल घेत असाल तर आधी सांगा, पण हृदयासाठी दिलेली गोळी परस्पर थांबवू नका. गाल आणि कानाची पाळी काही महिने बधिर राहू शकते. चेहऱ्याच्या मज्जातंतूला धक्का बसून ओठाची किंवा भुवईची हालचाल मंदावते, तशी क्वचितच, आणि बहुधा ती परत येते. जुने व्रण फुगून जाड होत असतील तर तेही सांगा.

सर्जनची पदवी प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहे का, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असतील का, हे स्पष्ट विचारा. आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे देत नाही.

प्रश्न : तासाभरात होणारं ‘थ्रेड लिफ्ट’ चालेल का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : यात कातडीखाली विरघळणारे धागे घालून गाल वर ओढतात. गाल जरासेच उतरले असतील तर चालेल. धागे काही महिन्यांत विरघळतात, ताणही हळूहळू उतरतो. गळ्याची लोंबती कातडी त्याने उचलली जात नाही, आणि धागा वरच्या थरात गेला तर गालावर खळगा दिसतो.