रझाकार, रजा आणि राजीनामा

पुण्याहून एका वाचकांनी विचारलंय: '१९७१च्या युद्धाबद्दल वाचताना "रझाकार" हा शब्द भेटला. हा बांगलादेशातला शब्द तुम्ही सोलापूरकडची मंडळी ऊठसूट कसा वापरता? आणि "रझाकारी माजलीय" हे मराठी म्हणून चालेल का?'

चालेल काय, पाऊणशे वर्षं चालतंय. आणि ऊठसूट आम्ही नाही वापरत. ऊठसूट वापरतात ते भाषणबाज. टोलनाक्यावरची दांडगट पोरं रझाकार, वर्गणी मागणारे रझाकार. सरळ गुंड म्हणा की! 'गुंड' शब्दाची टंचाई झालेली नाही.

आमच्याकडचे रझाकार म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या बाजूनं उभी राहिलेली हत्यारबंद संघटना. त्यामुळं आमच्याकडं हा आधी काळ सांगणारा शब्द आहे. 'रझाकाराच्या टायमाला आम्ही सोलापुरात आलो' असं म्हणणारी म्हातारी माणसं इथल्या पेठापेठांतून असायची. ज्यांच्या जन्माची नोंद नाही, त्यांचं वयही त्यावरूनच मोजायचं. सोलापूर इंग्रजी अमलात, तुळजापूर-नळदुर्ग निजामाकडं. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तो ओलांडला की हाली सिक्का, म्हणजे निजामाचं नाणं. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी वकिली करायचा तो लातुरात. त्याच्या माणसांच्या भीतीनं सरहद्दीवरची गावं रात्रीत सोलापूर-बार्शीकडं सरकली. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरवरून निघाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला, आणि १७ तारखेला निजाम नमला.

दिल्लीनं याचं नाव ठेवलं 'पोलीस ॲक्शन'. रणगाडे घेऊन निघालेले पोलीस! मराठवाड्यात हाच मुक्तिसंग्राम. आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडकडच्या कित्येक मुसलमान घरांत 'ॲक्शन' म्हणजे त्यानंतरची कत्तल. दिल्लीनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा दिला, आणि तो अहवाल वर्षानुवर्षं दाबून ठेवला गेला. आठवडा तोच, पण ज्याचं बालपण जिथं गेलं तिथला शब्द त्याच्या तोंडी. पुण्यात वाढलेल्याला या लढाईसाठी शब्दच लागत नाही, म्हणून त्याला रझाकार थेट ढाक्यात जाऊन भेटतो.

ढाक्याला तो हैदराबादेहून गेला असं मानायची गरज नाही. उर्दूत रझाकार म्हणजे निव्वळ स्वयंसेवक. पाकिस्तानात आजही पुरात मदतीला धावणारा रझाकारच. १९७१मध्ये पाकिस्तानी लष्करानं पूर्व बंगालात मदतीला जे दल उभारलं, त्याला हेच नाव दिलं. बंगाल्यांनी त्याची शिवी केली, ती इतकी जहाल की जुलै २०२४मध्ये विद्यार्थ्यांनी ती चिडून स्वतःलाच लावून घेतली आणि तीच घोषणा केली.

आता खरी गंमत. 'रझा' म्हणजे संमती, मर्जी, मूळ अरबी. 'कार' म्हणजे करणारा. आपल्या मर्जीनं काम करणारा तो रझाकार. आणि हीच रझा आपल्या कचेरीत रोज येते! रजेचा अर्ज करता ना? ती रजा म्हणजे साहेबाची संमती. सुट्टी हा अर्थ मागाहून चिकटला. जुन्या पत्रांतला 'रजातलब' म्हणजे आज्ञेत राहणारा, धन्याच्या मर्जीकडं डोळे लावून बसलेला. 'राजी' त्याच घरातला, 'नाराज'ही.

आणि राजीनामा? राजी असल्याचा कागद, म्हणजे खरं तर समझोता. हिंदीवाले आजही कोर्टात राजीनामा करतात तो तडजोडीचा. मग मराठीत तो नोकरी सोडण्याचा कसा झाला? कोशवाले 'अर्थांतर झाले' एवढं म्हणून हात झटकतात. अर्थांतर काय आपोआप होतं? माझ्या मते उत्तर महसुलाच्या दप्तरात आहे. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा शेतकरी 'राजीनामा' लिहून द्यायचा आणि ती घेणारा 'कबुलायत'. 'हा सर्व्हे नंबर मी राजीखुशीनं सोडतो.' मामलेदार कचेरीतल्या कारकुनानं जन्मभर हेच कागद फाइलला लावले. स्वतःची नोकरी सोडायची वेळ आली तेव्हा त्याला दुसरा कुठला शब्द सुचणार? एका अभ्यासकांनी मला ऐकवलं, 'पुरावा द्या.' देतो, पण आधी त्यांनी 'आपोआप'चा पुरावा द्यावा.

'रझाकार हा शब्द राजा आणि आकार यांपासून' असं छातीठोक सांगणारे महाभागही आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. लेखनाचं मात्र सांगतो. फारसी-अरबीतले जुने पाहुणे मराठीत 'ज' लावून बसले: बाजार, हजार, जमीन, रजा. विसाव्या शतकात वर्तमानपत्रांतून आलेल्यांना 'झ' मिळाला. म्हणून रजेला ज आणि रझाकाराला झ, दोन्ही बरोबर. एकच नियम हवा म्हणून 'रजाकार' लिहायला लावणाऱ्या शुद्धलेखनवाल्यांनी आधी 'गजल' लिहून दाखवावी.