दुबईहून मुखत्यारपत्र पाठवताना

भावा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या शेताच्या दाव्यासाठी काकांना कुलमुखत्यारपत्र (सगळ्या व्यवहारांचा अधिकार देणारं) नको, खासमुखत्यारपत्र (ठरावीक कामापुरतंच) दे. काका घरचेच, पण दावा चालवणं वेगळं आणि जमीन विकणं वेगळं. विक्रीचा अधिकार द्यायचा नसेल तर तसं स्पष्ट लिही.

मसुदा बेळगावातल्या वकिलांकडूनच करून घे. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर उताऱ्यावरून उतरव. नावं अक्षर-अक्षर ताडून बघ. माझ्या पासपोर्टावर वडिलांचं नाव पूर्ण आणि कन्नड उताऱ्यावर नुसतं ‘आप्पा’ होतं. दोन्ही नावं एकाच माणसाची, हे प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. तू ते आधीच करून ठेव.

घरी सही करून जाऊ नकोस. भारतीय वाणिज्य वकिलातीत, अधिकाऱ्यासमोरच कर. कागद भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांत कर्नाटकाचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, म्हणून कुरिअरचं पाकीट तारखेसकट जपून ठेवायला काकांना आजच सांग. लोक ते चुलीत घालतात.

आणि एक. जे फक्त तुला स्वतःला ठाऊक आहे, त्याची साक्ष काका तुझ्या जागी देऊ शकत नाहीत. तेवढी रजा आत्तापासून शिल्लक ठेव.