वाचकांचे प्रश्न : स्थिर पतंगावर बल असते का?

प्रश्न : संक्रांतीच्या सुमारास आमच्या शाळेतील पाचवीची मुले पतंगी कागद आणि बांबूच्या कामट्यांचे पतंग तयार करतात. त्यातूनच बल आणि गती शिकवण्याचा माझा विचार आहे. परंतु आकाशात स्थिर उभ्या असलेल्या पतंगावर कोणतेच बल नसते, असे मुले ठामपणे म्हणतात. शिवाय काही पतंग सारख्या गिरक्या घेतात. त्यांना शेपटी लावल्याने नेमके काय होते?
— एक शिक्षिका, नाशिक जिल्हा

उत्तर : अशा वेळी फळ्यावर आकृती काढण्याआधी उडत्या पतंगाचा दोरा मुलांच्या हाती द्यावा. बोटांना जाणवणारी ओढ हेच त्यांच्या शंकेचे उत्तर आहे. वारा तिरप्या कागदावर आदळून खाली वळतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार कागदाला वर व मागे ढकलतो. पतंगाचे वजन त्याला खाली ओढते, तर दोरा खाली आणि उडवणाऱ्याच्या दिशेने. या साऱ्यांची बेरीज शून्य होते, म्हणून पतंग थांबलेला दिसतो. ढील दिली की ही बेरीज बिघडते व पतंग वाऱ्याबरोबर मागे सरकत खाली येऊ लागतो. दोरा खेचला की वाऱ्याच्या तुलनेत त्याचा वेग वाढतो आणि तो वर चढतो. हा वेग दुप्पट झाला, तर वाऱ्याचे बल साधारण चौपट होते; वारा पडलेला असताना मुले पतंग घेऊन धावतात, ते याच कारणाने.

गिरक्यांसाठी लगेच शेपटीकडे वळू नये. उभी कामटी बोटावर आडवी तोलून पाहावी. बहुतेकदा एका बाजूला खळ जास्त लागलेली असते किंवा कमान दोन्हीकडे सारखी वाकलेली नसते. एवढे करूनही पतंग फिरत असेल, तर शेपटी जरूर लावावी. तिचा उपयोग वजनामुळे होतो असा सर्वसाधारण समज आहे, पण खरे काम तिच्यावरील हवेच्या ओढीचे असते, कारण ती पतंगाचे खालचे टोक सतत वाऱ्याच्या दिशेला ओढून धरते. म्हणून शेपटी कागदी पट्ट्यांची, लांब आणि हलकी असावी. येवल्यात आसारी (दोरा गुंडाळायची फिरकी) घेऊन पेच लढवणाऱ्यांना मात्र ती नकोच असते, कारण त्यांना चटकन वळणारा पतंग हवा असतो.

सर्वांत बोलका प्रयोग मंगळसूत्राचा, म्हणजे मुख्य दोरा जोडण्यासाठी पतंगाला बांधलेल्या दोऱ्याचा आहे, असे मला वाटते. त्याची गाठ किंचित वर सरकवल्यास पतंग अधिक आडवा, जमिनीला समांतर होतो, खाली सरकवल्यास अधिक उभा राहून जास्त वारा अडवतो. मात्र एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर परिणाम कशाचा हे कळणार नाही. दोरा साधा सुती वापरावा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातलेली आहे.